घाट आणि मुलूख : सीमाप्रांत खानदेशच्या राज्यकारभाराचा इतिहास

(१)

तापी नदीच्या मधल्या खोऱ्यातील खानदेश हा प्रांत उत्तर हिंदुस्थान, गुजरात व दख्खन या तीन प्रदेशांच्या सांध्यावर वसलेला आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीची टोके व डांगचे अरण्य आणि पूर्वेस असीरगडाच्या पायथ्याची खिंड, अशा चतुःसीमांनी हा सपाट व सुपीक मुलूख वेढलेला आहे. दिल्लीच्या सैन्यास दख्खनमध्ये उतरावयाचे असो, सुरतेच्या व्यापाऱ्यास बुऱ्हाणपूर गाठावयाचे असो, की पुण्याच्या फौजांना माळव्यात शिरावयाचे असो, वाट खानदेशातून आणि त्याच्या घाटांतूनच जात असे. त्यामुळे येथे आलेल्या प्रत्येक राजवटीच्या दृष्टीने खानदेश हा एकाच वेळी महसुलाचा प्रांत होता आणि साम्राज्याची सीमाही होता.

या प्रांताच्या राज्यकारभाराचा इतिहास सांगण्याची एक ठरावीक रीत इंग्रजी अमलात रूढ झाली. मोगली अमदानीत भरभराट, मराठी अमदानीच्या अखेरीस बजबजपुरी आणि १८१८ नंतर शांतता व सुव्यवस्था, अशी ही मांडणी होय. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या बाराव्या खंडात ती सविस्तर आढळते आणि पुढील पुष्कळ लेखनात ती जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. या मांडणीत सत्याचा अंश नाही असे नाही. तथापि ती राजवटींच्या बदलावर भर देते, आणि राजवटी बदलल्या तरी टिकून राहिलेली गोष्ट तिच्या नजरेतून सुटते. ती गोष्ट म्हणजे या प्रांतात नेहमीच दोन प्रकारचे शासन एकत्र नांदत आले. एक मुलखाचे शासन : त्याची साधने म्हणजे परगणा, जमाबंदी, देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी. दुसरे घाटाचे शासन : त्याची साधने म्हणजे नाईकांशी झालेले करार, राखणीचा मोबदला, हक्क आणि सन्मान. मुलखाच्या शासनाची कागदपत्रे विपुल आहेत, घाटाच्या शासनाची तुटपुंजी आहेत. म्हणून पहिल्यासच शासन समजावे आणि दुसऱ्यास केवळ बंदोबस्ताचा प्रश्न समजावे, ही चूक सहज घडते. या दोन शासनांचे परस्परसंबंध कसे बदलत गेले आणि त्या बदलाची किंमत कोणी दिली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

(२)

खानदेशच्या स्वतंत्र राज्याचा आरंभच सीमेवरील एका नेमणुकीतून झाला. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजा यास तापीकाठचे थाळनेर व आसपासचा मुलूख नेमून दिला. तुघलकांची पकड ढिली होताच १३८२ पासून तो जवळजवळ स्वतंत्रपणे वागू लागला. त्याचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला व बुऱ्हाणपूर वसविले. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ फारुकी घराण्याने हे लहानसे राज्य गुजरात, माळवा आणि बहमनी (नंतर निजामशाही) या मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये राखले. खानदेश या नावाच्या व्युत्पत्तीचा वाद येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की फारुकींचे सामर्थ्य मुलखाच्या विस्तारात नव्हते, असीरगड आणि त्याच्या खालची वाट यांच्या ताब्यात होते.

जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी राज्य संपले. अकबराने शाहजादा दानियाल याच्या नावावरून सुभ्यास ‘दानदेश’ हे नाव दिले. ते फार काळ टिकले नाही, परंतु सुभ्याची घडी टिकली. आइने अकबरीत या सुभ्याचे ३२ परगणे नोंदले आहेत. त्याच ग्रंथात सुभ्याच्या फौजेत कोळी, भिल्ल व गोंड असल्याचाही उल्लेख आहे. हा उल्लेख सहज ओलांडून जाण्यासारखा नाही. जमाबंदीच्या आकड्यांशेजारीच डोंगरी लोकांची नोंद फौज म्हणून होते, याचा अर्थ असा की मोगली दप्तराच्या लेखी हे लोक सुभ्याच्या शासनाबाहेरचे उपद्रवी घटक नसून त्या शासनाचे एक अंग होते.

मोगली अमदानीत बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या सुभेदारीचे मुख्य ठाणे झाले. १६१५ साली इंग्लंडचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमीरकडे जाताना याच शहरी शाहजादा परवीझ यास भेटला. सुरत-बुऱ्हाणपूर हा मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा खानदेशाच्या मध्यातून जात असे, आणि त्या मार्गाची सुरक्षितता ही सुभ्याच्या कारभाराची खरी कसोटी होती. शाहजहानच्या काळी दख्खनच्या मोगली मुलखाचे चार सुभे धरले जात. त्यांपैकी खानदेश हा एक होय. १६३८ साली बागलाणचे राज्य जिंकून घेतल्यावर साल्हेर-मुल्हेरसारख्या किल्ल्यांसह पश्चिमेकडील घाटही मोगलांच्या ताब्यात आले.

औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, म्हणजे १६५२ नंतर, महसुली कारभाराची जी विभागणी झाली ती या निबंधाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दख्खनच्या दिवाणीचे पायीनघाट व बालाघाट असे दोन भाग केले गेले. संपूर्ण खानदेश व निम्मा वऱ्हाड हा पायीनघाट, म्हणजे घाटाखालचा मुलूख, आणि उरलेला घाटावरचा मुलूख हा बालाघाट. पहिल्याचा दिवाण मुल्तफतखान आणि दुसऱ्याचा मुर्शिद कुलीखान. १६५६ साली दोन्ही भाग मुर्शिद कुलीखानाकडे आले. दुष्काळाने व लढायांनी ओसाड पडलेल्या गावांची लागवड पुन्हा सुरू करणे, रयतेस तगाई देणे, पिकाच्या वाटणीची अथवा मोजणीची पद्धत जमिनीप्रमाणे ठरविणे, या त्याच्या कामांमुळे दख्खनच्या जमाबंदीच्या इतिहासात त्याचे नाव राहिले आहे. येथे घाट हा हिशेबाची मर्यादारेषा ठरला. परंतु त्या रेषेवर राहणाऱ्यांचा हिशेब या जमाबंदीत नव्हता. तो वेगळ्या रीतीने, राखणीच्या मोबदल्याच्या रूपाने होत असे.

शेजारच्या गुजरात सुभ्याच्या दप्तरात हा भेद स्पष्ट शब्दांत आढळतो. तेथे गावांची वर्गवारी ‘रयती’ व ‘मेवासी’ अशी केली जात असे. रयती गाव मोजणीस व नियमित सारा देण्यास बांधलेले, तर मेवासी गाव सरदाराच्या मार्फत ठोक खंडणी देणारे आणि तीही पुष्कळदा फौज पाहिल्यावर देणारे. खानदेशच्या वायव्येस, तापी व नर्मदा यांच्यामधील डोंगराळ टापूत, हीच संज्ञा रूढ झाली आणि ती विसाव्या शतकापर्यंत सरकारी कागदांत राहिली.

(३)

मराठी सत्तेचा खानदेशातील प्रवेश मुलूखगिरीने झाला. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौजा खानदेशात उतरल्या. गावच्या अधिकाऱ्यांकडून चौथाईचे लेखी करार या स्वारीत घेण्यात आले, अशी माहिती ग्रँट डफ देतो. म्हणजे मराठ्यांनी या प्रांतात प्रथम जमीन मागितली नाही, उत्पन्नाचा हिस्सा मागितला. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीचे हक्क मान्य झाले, त्यांत खानदेशही होता. १७२४ नंतर निजामाची सत्ता दख्खनमध्ये स्वतंत्र झाली आणि खानदेशात दुअंमल सुरू झाला. एकाच गावातून निजामाचा अंमलदार सारा घेई आणि मराठ्यांचा कमाविसदार चौथ घेई. १७५२ च्या भालकीच्या तहाने खानदेशचा बहुतेक भाग पेशव्यांकडे आला आणि १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर असीरगड व बुऱ्हाणपूरही मिळाले.

दुअंमल संपला, परंतु एकछत्री अंमल आला नाही. प्रांताचे महाल पेशवे, होळकर व शिंदे यांच्यात वाटले गेले. बुऱ्हाणपूर पुढे शिंद्यांकडे गेले. त्यामुळे सुभ्याचे जुने मुख्य शहर सुभ्याच्या उर्वरित भागापासून तुटले, ते कायमचेच. १८६० च्या सुमारास ते इंग्रजांच्या ताब्यात आले तेव्हाही ते खानदेशास जोडले न जाता निमाड जिल्ह्यात समाविष्ट झाले, आणि पुढे मध्य प्रदेशात राहिले.

मराठी अमदानीतील मुलखाच्या कारभाराविषयी मामलेदारांचे हिशेब, ताळेबंद व वतनपत्रे यांवरून पुष्कळ सांगता येते. घाटाच्या कारभाराची रीत मात्र मुख्यतः परंपरेने चालत असे. घाटाची राखण ठरावीक नाईकांकडे असे. वाटसरूंकडून व आसपासच्या गावांकडून ठरलेले हक्क त्यांनी घ्यावयाचे आणि त्या बदल्यात चोरी झाल्यास माल शोधून द्यावयाचा किंवा भरपाई करावयाची, असा हा व्यवहार होता. गावोगावी जागल्याचे कामही पुष्कळ ठिकाणी भिल्लांकडेच असे. डोंगराच्या कडेच्या गावांवरील असे हक्क ‘गिरास’ या नावाने ओळखले जात. या हक्कांस लूट म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्यांस निर्मळ सेवेचे वेतन म्हणणेही चुकीचे ठरेल. देण्यात कसूर झाल्यास गाव जाळले जाण्याचे भय त्यांच्या मुळाशी होते, आणि त्या भयाचा भार कुणब्यावरच पडे. तरीही तो एक ठरलेला, उभयपक्षी ओळखीचा व्यवहार होता, आणि जोवर कमाविसदार व नाईक या दोघांनाही तो पाळण्यात हित दिसे तोवर घाट चालू राहत.

हा व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडला. १८०२ साली यशवंतराव होळकराच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. गावे ओस पडली. जेथे गावच उरले नाही तेथे गावाकडून मिळणारा हक्क कोठून उरणार? हक्क बुडालेले नाईक व त्यांचे लोक मुलखात उतरून लूट करू लागले. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी या संकटास जे उत्तर दिले त्याने उरलासुरला विश्वासही गेला. खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे तहाच्या बोलण्यासाठी म्हणून भिल्लांस जमविले आणि त्यांना पकडून ठार केले. पुढे बाजीरावाच्या कारकिर्दीत महाल मक्त्याने देण्याची पद्धत वाढली. मक्तेदाराची मुदत अल्प आणि नाईकाचा हक्क वंशपरंपरेचा, अशा स्थितीत मक्तेदाराने घाटाचे देणे चुकते करण्यापेक्षा टाळणेच पसंत केले. शिवाय ठिकठिकाणच्या गढ्या व किल्ले पगार थकलेल्या अरब शिबंदीच्या हाती होते. १८१८ साली इंग्रजांनी पाहिलेली बजबजपुरी ती हीच. ती सोळा वर्षांच्या विध्वंसाने निर्माण केलेली अवस्था होती. तीवरून आधीच्या संपूर्ण अमदानीचा निर्णय करणे शास्त्रशुद्ध होणार नाही.

(४)

जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकराने सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांस दिला. फेब्रुवारीत थाळनेर येथे सर टॉमस हिस्लॉप याने किल्लेदारास फाशी दिले व शिबंदीची कत्तल झाली. जूनमध्ये मालेगावच्या अरबांचा प्रतिकार संपला. पेशव्यांचा व होळकरांचा मुलूख एकत्र करून खानदेशचा नवा जिल्हा करण्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट म्हणून नेमला गेला आणि धुळे हे मुख्य ठाणे ठरले. फिरिश्त्याच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेला तो हाच ब्रिग्ज होय.

बुऱ्हाणपूर, थाळनेर, नंदुरबार ही जुनी ठाणी व्यापारी मार्गावरची होती. धुळे हे पांझरेकाठचे साधे गाव होते, परंतु ते मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या मार्गावर होते. मुख्य ठाण्याच्या या बदलात सीमेचा रोख बदललेला दिसतो. पूर्वी खानदेश ही उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहणाऱ्या साम्राज्याची कड होती. आता ती समुद्राकडून आत शिरणाऱ्या सत्तेची उत्तरेकडील कड झाली.

दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे धोरण जुन्या व्यवस्थेस शक्यतो धक्का न लावण्याचे होते. १८१९ च्या त्याच्या अहवालात जुन्या महसुली संस्थांचा बारकाईने विचार आहे. परंतु भिल्लांच्या बाबतीत ब्रिग्जच्या कारकिर्दीचा आरंभ फौजी मोहिमांनीच झाला. डोंगरातील टोळ्यांची रसद तोडावी, पुढाऱ्यांस पकडावे, शरण येणाऱ्यांस तनखा द्यावा आणि राखणीचे काम सांगावे, असे त्याच्या योजनेचे स्वरूप होते. तनखा ठरला, पण तो बहुधा अपुरा पडे अथवा वेळेवर पोचत नसे. मुख्य म्हणजे नाईकांनी गावांकडून व वाटसरूंकडून परस्पर हक्क घेणे बंद करण्यात आले व मोबदला खजिन्यातून देण्याचे ठरले. सात वर्षे मोहिमा चालल्या, पुढारी मारले गेले, नवे उभे राहिले. १८२५ साल उजाडले तरी घाट निर्धोक झाले नव्हते.

१८२५ साली, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. वायव्येकडील एजन्सीचे ठाणे कुकरमुंडे, ईशान्येकडील धरणगाव आणि दक्षिणेकडील घाटमाथ्यावरचे कन्नड. धरणगाव येथे लेफ्टनंट जेम्स औट्रम याने भिल्ल कोअर उभारली आणि पुढची दहा वर्षे तिचे नेतृत्व केले. कन्नडच्या एजंटाने जमीन, बैल व तगाई देऊन वसाहती वसविल्या. एजंटाकडे किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा, आपसातील तंट्यांची तोड, हक्कांची चौकशी व लागवडीस उत्तेजन अशी नाना तऱ्हेची कामे असत. म्हणजे एकाच जिल्ह्यात कलेक्टर व त्याचे मामलेदार हे एक शासन आणि एजंट व त्याचे नाईक हे दुसरे शासन, अशी स्थिती झाली. १८२७ च्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनने मुंबई सरकारचे कायदे दख्खन व खानदेशास लागू झाले, परंतु डोंगराच्या कडेला प्रत्यक्ष अंमल एजंटाच्या विवेकाचा राहिला. कायद्याने एकरूप झालेला जिल्हा व्यवहारात दुहेरीच होता.

औट्रमच्या कार्याची स्तुती इंग्रजी लेखकांनी भरपूर केली आहे आणि चाळीसगाव-कन्नड मार्गावरील घाटास त्याचे नाव आजही आहे. त्या स्तुतीतील ग्राह्यांश मान्य केला पाहिजे. कोपरगावच्या विहिरींपेक्षा भिल्ल कोअरचा पगार केव्हाही बरा होता, आणि वैर धरून बसलेल्या लोकांमध्ये निःशस्त्र जाण्याचे धैर्य त्या तरुण अधिकाऱ्यात होते. पण एजन्सी ही सर्वस्वी नवी कल्पना होती हा दावा टिकत नाही. घाटाच्या राखणदारास राखणीचा मोबदला देऊन शासनात सामील करून घेणे ही या प्रांताची जुनी रीतच इंग्रजांनी सात वर्षांच्या अपयशानंतर पुन्हा स्वीकारली. नवे जे होते ते निराळेच होते. पूर्वी नाईकाचा मोबदला हा त्याचा हक्क होता आणि तो गावाशी असलेल्या नात्यातून येत असे. आता तो सरकारचे वेतन अथवा पेन्शन झाला आणि एजंटाच्या मर्जीतून येऊ लागला. रक्कम पुष्कळदा तीच राहिली, परंतु तिचा आधार बदलला. गाव व घाट यांना जोडणारा, कटू का होईना, पण सरळ असा व्यवहार संपला आणि दोघांच्यामध्ये खजिना उभा राहिला.

(५)

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुलखाचे शासनही बदलले. रयतवारी पद्धतीच्या मोजणीचे काम १८५२ साली खानदेशात सुरू होताच एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत कुणबी रयतेने मोठ्या संख्येने जमून विरोध केला. मोजणीमुळे सारा वाढेल आणि जुन्या सवलती जातील ही त्यांची भीती होती. त्यासाठी लष्कर आणावे लागले. म्हणजे बंड हे केवळ डोंगराचे वैशिष्ट्य नव्हते. ज्या वेळी शासन जुना ठराव एकतर्फी बदलू पाही त्या वेळी सपाटीवरील शेतकरीही उभा राही. दोघांच्या बंडांस दप्तरात मात्र वेगवेगळी नावे मिळाली. एकास मोजणीचे दंगे म्हटले गेले, दुसऱ्यास भिल्लांची लूटमार.

१८५७-५८ च्या उठावात एजन्सीच्या व्यवस्थेची मर्यादा दिसून आली. खाज्या नाईक हा मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधव्याच्या घाटाच्या राखणीवर सरकारी नेमणुकीत होता. एका गुन्ह्यात शिक्षा होऊन त्याची नोकरी गेली होती, आणि १८५७ साली त्याने भीमा नाईकासह सातपुड्यात उठाव केला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणी येथे मोठी लढाई झाली व तीनंतर पकडलेल्या अनेकांस गोळ्या घालण्यात आल्या. उठावाचा एक प्रमुख नेता घाटाचाच राखणदार असावा हा योगायोग नव्हे. घाट राखण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी आहे त्याच्याच अंगी तो अडविण्याचेही असते. जुन्या व्यवहारात हे सत्य गृहीत धरलेले होते. वेतनाच्या व्यवहारात ते विसरले गेले.

त्यानंतरच्या काळात घाटांचे महत्त्वच ओसरू लागले. १८६० नंतरच्या दशकात भुसावळमार्गे लोहमार्ग गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसास मोठा भाव आला आणि तापीकाठची पडीक जमीन झपाट्याने लागवडीखाली आली. १८७८ च्या जंगल कायद्याने सातपुड्याच्या अरण्यांवर सरकारी मालकीची पकड घट्ट केली. राखणदाराची गरज संपली आणि त्याचे अरण्यही राखीव झाले. तापीकाठच्या शहादा-तळोदे भागात पुढील काळात भिल्लांच्या पुष्कळ जमिनी इतरांच्या हाती गेल्या. १९७२ साली शहाद्यास उभ्या राहिलेल्या भूमिमुक्तीच्या चळवळीची मुळे या प्रक्रियेत आहेत.

(६)

घाटाचे शासन यानंतर कायद्यातील अपवादाच्या रूपाने शिल्लक राहिले. १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्टच्या यादीत पश्चिम खानदेशातील सहा मेवासी सरदारांची गावे नावनिशीवार आहेत : काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी आणि चिखलीचे वसावे. सामान्य कायदे या गावांस आपोआप लागू होत नसत आणि कलेक्टर तेथे पोलिटिकल एजंट या नात्याने अधिकार चालवी.

या सुमारास जिल्ह्याच्या सीमाही आखडत होत्या. १८६९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र जिल्हा होताना मालेगाव, नांदगाव व बागलाण हा भाग तिकडे गेला. १९०६ साली उरलेल्या जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशचे मुख्य ठाणे झाले. कापसाचा, लोहमार्गाचा व बाजारपेठांचा मोठा वाटा पूर्वेस आला. मेवास, अक्राणी व नवापूरचे अरण्य पश्चिमेस राहिले. मुलूख आणि घाट यांच्यातील जुनी रेषा अशा रीतीने जिल्ह्याच्या नकाशावर उमटू लागली.

१९३५ च्या कायद्यान्वये १९३६ मध्ये अंशतः वगळलेल्या क्षेत्रांची यादी झाली. तीत नवापूर पेटा, अक्राणी महाल व त्याच सहा मेवासींची गावे आली. १९५० साली भारतीय राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्रे जाहीर झाली तेव्हा मुंबई राज्याच्या यादीत हीच नावे पुन्हा आढळतात. साम्राज्य गेले, सार्वभौमत्व प्रजेकडे आले, पण यादी तीच राहिली. हेतू मात्र बदलला होता. १८७४ च्या यादीचा हेतू कायद्याचा अंमल दूर ठेवण्याचा होता, १९५० च्या यादीचा हेतू जमीन व जीवन यांस संरक्षण देण्याचा होता. एकाच चौकटीत परस्परविरुद्ध हेतू वसू शकतात, आणि म्हणूनच केवळ यादीवरून कारभाराचे स्वरूप ठरविता येत नाही. १९८५ च्या आदेशाने महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे नव्याने ठरविण्यात आली आणि सरदारांच्या नावांऐवजी तालुके व गावे हा आधार घेण्यात आला.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा पश्चिम खानदेशातील १५६ गावे गुजरातेस गेली. त्यामुळे भिल्ल एजन्सीचे जुने ठाणे कुकरमुंडे राज्याच्या सीमेपलीकडे राहिले. खानदेश हे नावही जिल्ह्यांच्या नावांतून गेले व जळगाव आणि धुळे ही नावे आली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवे व अक्राणी हे तालुके वेगळे काढून नंदुरबार जिल्हा करण्यात आला. जुन्या वायव्य एजन्सीचा, मेवासाचा व अक्राणीचा महाराष्ट्रातील बहुतेक भाग या नव्या जिल्ह्यात येतो. १८२५ मध्ये जे शासन कलेक्टराच्या शेजारी उभे केले गेले होते, त्याच्या टापूस आता स्वतःचा कलेक्टर मिळाला.

(७)

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, खानदेशच्या राज्यकारभाराचे कालखंड केवळ राजवटींवरून पाडणे अपुरे आहे. मुलूख आणि घाट यांच्यातील व्यवहार केव्हा टिकला, केव्हा मोडला आणि केव्हा बदलला हे निकष घेतल्यास १८०२, १८२५ व १८७८ ही वर्षे १६०१ किंवा १८१८ इतकीच महत्त्वाची ठरतात. दुसरी, ज्यास दप्तरांनी लूटमार व बंड म्हटले ते पुष्कळ प्रसंगी मोडलेल्या ठरावाची वसुली होती. पुष्कळ प्रसंगी म्हणावयाचे, कारण उजाड झालेल्या गावांचे दुःखही तितकेच खरे होते आणि ते गाव सोडून गेलेल्या कुणब्याने सोसले होते. तिसरी, हक्काचे वेतनात, वेतनाचे पेन्शनीत आणि पेन्शनीचे संरक्षणात झालेले रूपांतर हा सरळ प्रगतीचा आलेख नव्हे. प्रत्येक पायरीवर डोंगरातील लोकांस काही मिळाले. पण शासनाशी बरोबरीने बोलण्याची त्यांची जागा प्रत्येक पायरीवर थोडी आकसत गेली.

या विषयाचे पुढील संशोधन जमाबंदीच्या कागदांवर थांबून चालणार नाही. एजंटांच्या पत्रव्यवहारातील हक्कांच्या याद्या, देशमुख घराण्यांची दप्तरे आणि मेवासातील घराण्यांच्या मौखिक परंपरा एकत्र वाचल्या, तरच सीमेवरील या प्रांताचा इतिहास सीमेवर राहणाऱ्यांच्या बाजूनेही लिहिता येईल.